पाव इंची जाळी

बोहरी आळीत तय्यबभाईंनी विचारलं, किती नंबरची?
म्हटलं, माती खाली पडावी
आणि आंब्याची कोय वर राहावी, एवढी.
ते हसले नाहीत.
भेंडोळ्यातून अडीच बाय अडीच कापली,
कडा बोटांना लागतील म्हणून कालच्या पेपरात गुंडाळली.
पाव इंची आहे, गंजणार नाही. आणि चुका?
चुका घरी आहेत, म्हटलं, पुष्कळ.

चौकट कॅरमची.
सोसायटीच्या जिन्याखाली तीन पावसाळे पडून होता,
प्लाय फुगलेला, राणी कधीच हरवलेली.
प्लाय ठोकून काढला, तरी चार कोपऱ्यांच्या
चार जाळीदार पिशव्या लोंबत राहिल्या.
त्या काढवेनात.

गच्चीवर टाकीच्या सावलीत बसले हातोडी घेऊन.
पहिली चूक वाकडी गेली, दुसरी अंगठ्यावर.
खालून परचुऱ्यांनी झाडूच्या दांड्यानं
छताला तीनदा ठोकलं.
मीही तीन ठोकल्या
आणि चार वाजेपर्यंत थांबले.

मग निळं पिंप उघडलं,
तापल्या सळईनं मीच भोकं पाडलेलं.
वर्षभराचं घर आत काळं होऊन बसलं होतं.
चहाचा चोथा, दोडक्याच्या शिरा,
देवाचे हार (फुलं गेली, दोरा दोराच राहिला).
घमेलंभर ओतलं, दोन्ही हातांनी गदागदा हलवलं.
खाली काही पडेना.
नाचणीचे लाडू वळले नुसते.
खांदा भरून आला.

तेव्हा शेवंता आठवली.
भांडी घासता घासता एकदा म्हणाली होती,
वारज्याला बिल्डिंगी उठत होत्या, ताई,
तवा वाळू चाळायला होते मी, सातव्या महिन्यापर्यंत.
ओलं चाळायचं न्हाई. आडवं धरायचं न्हाई.
चाळण तिरकी टेकवायची
नि लांबून फावड्यानं मारायचं.
बारीक आपसूक पल्याड जातं, जाड पायाशी येतं.
मी हं म्हटलं होतं. गवार मोडत होते.

दोन दिवस गोणपाटावर वाळू दिलं.
चौकट टाकीला टेकवली, तिरकी,
आणि लांबून मारलं.
सर्र.
पलीकडे काळा रवा.
पायाशी कोयी, नारळाची शेंडी,
सफरचंदांवरचे स्टिकर, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा,
परचुऱ्यांपासून लपवलेली अंड्यांची टरफलं,
आणि वाळक्या शेंगेसारखं काहीतरी.
उचललं तर जड.

चिंचेनं घासला.
दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं
शाल्मली, उष्टावण, ८८.

मार्चमध्ये हरवला होता हा.
मी शेवंताला विचारलं होतं. दोनदा.
दुसऱ्यांदा आवाज अगदी मऊ ठेवून.
तोच जास्त लागला असणार.
तिनं पिशवी ओट्यावर उलटी केली:
डबा, कंगवा, बसचा पास,
कागदात बांधलेली अर्धी चिक्की.
पगाराचे नऊ दिवस सोडून गेली.
सालांबरोबर मीच टाकला असणार,
फोन खांद्याशी धरून ताटली खरवडताना.

जाडंभरडं परत पिंपात घातलं,
पुढच्या खेपेचं विरजण.
बारीक निघालं दीड पोतं.

ती आता समोरच्या इमारतीत येते, साडेसातला.
वॉचमनच्या वहीत सही करते, गच्चीवरून दिसतं.
पाकिटात नऊ दिवसांचे पैसे मोजून ठेवलेत.
चमचा त्यात घातला, काढला, पुन्हा घातला.
खताची एक पिशवी बांधली, आणि वाटलं,
हे काय, मातीही तिलाच देतेय,
तर सोडून ठेवली.

आज तिनं वर पाहिलं,
की पाण्याच्या टाकीकडे, कळलं नाही.
माझ्या हातात फावडं होतं, ते मी खाली ठेवलं.
चौकटीची एक चूक वर आलीय, पदर अडकला तिच्यात.
सोडवला.
आता चपला सापडत नाहीयेत.